शेवटच्या तुकडीची प्रात्यक्षिकं

एप्रिल अर्धा सरला की आमच्या कॉलेजच्या फाटकापासून मुख्य इमारतीपर्यंतच्या वाटेवर करंजाची फुलं सांडायला लागतात. पांढरट जांभळी, बारीक, चुरमुऱ्यांसारखी. झाडणाऱ्या बाया सकाळी त्यांचे ढीग करतात आणि दुपारच्या वाऱ्यानं ते ढीग पुन्हा रस्ताभर होतात. इथे बंगळुरात या झाडाला होंगे म्हणतात. इतरांना ऋतू हवेवरून कळतो, मास्तरांना वेळापत्रकावरून. होंगे फुलला की प्रात्यक्षिक परीक्षा. नोटीस लागते, बाहेरून परीक्षक येतात, त्यांच्यासाठी कॅन्टीनमधून बिसीबेळे भात आणि दहीभात येतो, आणि आम्ही सगळे तीनचार दिवस एकमेकांशी फार सभ्यपणे वागतो.

यंदाही मी परीक्षा घेतली. थंडगार खोली, ओळीनं मांडलेले संगणक, गप्प बसून टाइप करणारी मुलं. मधूनच एखादं खोकतं. कसलाही वास नाही. कुठे काही गळत नाही, तापत नाही, कुणाच्या बाहीवर डाग पडत नाही. चार वर्षं झाली, पण वास नसलेल्या परीक्षेची मला अजून सवय झालेली नाही.

मी केमिकल इंजिनिअर आहे. आहे म्हणायचं की होते, हे मला नीट ठरवता येत नाही. ओळखपत्रावर डेटा सायन्स विभाग लिहिलेलं आहे. 

आमची जुनी प्रयोगशाळा तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला होती. तिथे परीक्षेच्या दिवसांत शिरलं की आधी मेथॅनॉलचा गोडसर, नाकात चढणारा वास यायचा, मग ओल्या फरशीचा, मग तापलेल्या रबरी नळ्यांचा. पंपांच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. मुलं निळसर पांढरे कोट घालून, घामेजून, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच हातात घेऊन उभी. आणि मधोमध दीड मजला उंचीचा स्टीलचा खांब, ज्याला आम्ही नुसतं कॉलम म्हणायचो. तळाशी मेथॅनॉल आणि पाण्याचं मिश्रण तापवायचं, वाफ वर चढायची, आणि वरच्या टोकाला थंड होऊन मेथॅनॉल वेगळं टपकायचं. मध्येमध्ये काचेच्या छोट्या खिडक्या होत्या. त्यांतून आतली चाललेली खळबळ दिसे. पहिल्यांदा बघणारं प्रत्येक मूल त्या खिडकीला नाक लावून उभं राही.

तो कॉलम माने सरांनी बांधला होता. आमचे विभागप्रमुख, वेंकटराव माने. स्वतः काढलेल्या आराखड्यावरून, पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका वेल्डरच्या शेडमध्ये दोन उन्हाळी सुट्ट्या घालवून. सर मूळचे इथलेच. म्हणजे मूळ म्हणावं तर त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आले आणि परत गेलेच नाहीत. घरी मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की मी नागपूरहून आल्यावर पहिले सहा महिने अर्धं कळायचं नाही. 

मला आठवतं ते मुलाखतीचं. नवऱ्याची बदली इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत झाली म्हणून मी बंगळुरात आले, बनशंकरीत घर घेतलं आणि शहराचं दुसरं टोक गाठून या कॉलेजात मुलाखतीला गेले. पाठ करून ठेवलेलं काहीच सरांनी विचारलं नाही. मला थेट प्रयोगशाळेत नेलं, पंप सुरू केला आणि म्हणाले, "कुठं गळतंय बघा." मी पर्समधला टिश्यू काढून एकेक जोड पुसत गेले. सातव्या की आठव्या जोडाला कागद ओला झाला. 

"सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक. मग माझ्या अर्जावरचं नाव बघून एकदम मराठीत, "मराठी की तुम्ही? मग अगोदर का नाही सांगितलं? ऊटा झाला का, अक्का? चला, घरी जेवून जा."

त्या दिवशी येलहंक्यात त्यांच्या घरी, त्यांच्या पत्नी सरोजाक्कांनी वाढलेलं सारू-भात मी जेवले. पुढची एकोणीस वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली काम केलं.

सर कारखान्यातून शिकवण्याकडे आलेले. ज्या काळात केमिकलला प्रवेश मिळणं म्हणजे घराण्याचं नाव निघणं होतं, त्या काळात ते इंजिनिअर झाले आणि गुजरातेतल्या एका रंगाच्या कारखान्यात लागले. सात वर्षांनी तिथे अपघात झाला. एका भांड्यातला दाब शून्य आहे असं नोंदवहीत लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात काट्याकडे कुणी बघितलंच नव्हतं, आदल्या पाळीची नोंद खाली उतरवली होती. सरांच्या हाताखालच्या इंजिनिअरनं वही वाचून झाकण उघडलं. त्याचे दोन्ही डोळे गेले. ती नोंद करणारा माणूस वाईट नव्हता, सर सांगत, चांगला शिकलेला होता, पहिल्या वर्गात पास झालेला. त्याला कोणी बघायला शिकवलं नव्हतं, एवढंच. महिन्याभरात राजीनामा देऊन सर बंगळुरात परतले ते मास्तर व्हायला. 

दरवर्षी पहिल्या तासाला ते ही गोष्ट सांगत. आवाज न चढवता. शेवटी फळ्यावर एकच ओळ लिहीत: आधी काट्याकडे बघा, मग वहीत लिहा. मुलं थोडी हसत, थोडी घाबरत. 

माझी पीएचडी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली, त्याच कॉलमवर झाली. आठ वर्षं लागली. मुलगी लहान, घर दूर, दिवसाचे चार तास बसमध्ये. शनिवारी सर स्वतः येऊन हीटर सुरू करून ठेवायचे, म्हणजे मी पोचेपर्यंत कॉलम तापून स्थिर झालेला असायचा. मला तेवढाच तास वाचे. एकदा तीन महिन्यांचे आकडे त्यांनी बाद केले होते, कारण मी तापमान मोजायची तार एका जागी ढिली ठेवली होती. मी रडले. सरोजाक्कांनी पाठवलेल्या डब्यातलं कोडबळं त्यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "रडा स्वल्प. मग परत घ्या."

मी परत घेतले.

मग मुलं येईनाशी झाली. एकदम नाही. आधी प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत जागा भरू लागल्या, मग त्या फेरीतही उरू लागल्या. जूनमध्ये पालक यायचे, आमच्या टेबलापुढे उभं राहून विचारायचे, "केमिकलवाल्यांना सॉफ्टवेअरची नोकरी लागते का?" आम्ही हो म्हणायचो. ते खरंच होतं, आणि तेच आमचं मरण होतं. चार वर्षं आम्ही मुलांना पंप, वाफ, उष्णता शिकवायचो, आणि शेवटच्या वर्षी ती इलेक्ट्रॉनिक सिटीत जाऊन संगणकापुढे बसायची. मग आधीच संगणकाला का जाऊ नये? सरांकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, पण ते ऐकायला दोन तास लागत आणि पालकांची रिक्षा बाहेर उभी असे.

व्यवस्थापनानं प्रवेश बंद केले. उरलेल्या तुकड्या बाहेर पडेपर्यंत विभाग चालवायचा आणि मग मिटवायचा. शेवटच्या तुकडीत अकरा मुलं उरली होती. 

त्या वर्षी होंगे फुलला तेव्हा माझा नवरा तीन महिने घरी बसून होता. कंपनीनं एका सकाळी त्याचं कार्ड बंद केलं होतं. पन्नाशीच्या माणसाला कोण घेतंय? मुलगी बारावीत. ही कारणं मी अजूनही सांगते, कारण ती खरी आहेत. खरं कारण हाताशी असलं की माणूस त्याच्या आड किती काळ उभा राहू शकतो, हे मला त्या उन्हाळ्यानं शिकवलं.

सरांनी एक पत्र लिहिलं होतं. विभाग बंद करा, पण प्रयोगशाळा ठेवा. पीण्यातल्या छोट्या रंगवाल्या, औषधवाल्या कारखान्यांना तपासणीसाठी ती उपयोगी पडेल, त्यांच्या कामगारांना इथे शिकवता येईल. चार पानांचं, स्वतःच्या अक्षरातलं, कुठलं यंत्र कशाला वापरता येईल हे सविस्तर लिहिलेलं. खाली त्यांची सही आणि शेजारी माझ्यासाठी मोकळी जागा. 

"वाचून सही करा, अक्का. गडबड नाही. पण परीक्षेच्या अगोदर द्या, मग हे लोक सुट्टीवर जातील."

"बघते सर," मी म्हणाले आणि पत्र खणात ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत एसीची घरघर आणि अगरबत्तीचा वास. बोलणं इंग्रजीत झालं. ते मोठ्या आपुलकीनं बोलत होते. डेटा सायन्सचा नवा विभाग वाढतोय, तपासणी समितीला पीएचडीवाले प्राध्यापक दाखवावे लागतात, पीएचडी कशात आहे हे कोणी फार बघत नाही. 

"तुम्हाला सामावून घेता येईल. सगळ्यांना नाही येणार."

"माने सर?"

"त्यांची निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. आम्ही त्यांचा योग्य सन्मान करू."

मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. केमिकलची यंत्रसामग्री कालबाह्य आणि नादुरुस्त असल्याचा अहवाल. विभागातल्या एका प्राध्यापकाची सही हवी. ती झाली की सामान भंगारात काढता येईल आणि जागा मोकळी होईल. कार्यालयानं सगळं टाइप करून ठेवलेलं होतं. यंत्रांची यादी, प्रत्येकापुढे एक ओळ. 

"सरांना विचारलं का?" मी म्हणाले.

"ते करणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे."

मी सही केली. वाचलं नाही. वाचलं असतं तर करता आली नसती, म्हणून वाचलं नाही. पेन त्यांचंच होतं, जाड निबाचं, आणि सही नेहमीपेक्षा मोठी उमटली.

त्यानंतर तीन दिवसांनी शेवटच्या तुकडीची प्रात्यक्षिकं. ती परीक्षा मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. सकाळी सातला सरांनी हीटर सुरू केला होता. मी पोचले तेव्हा कॉलम तापून स्थिर झालेला, वरच्या टोकाला थेंब थेंब स्वच्छ मेथॅनॉल पडत होतं. अकरा मुलं होती, म्हणून यंत्रं जास्त आणि माणसं कमी. चैत्रा नावाची हासनकडची एक मुलगी होती, वर्गात पहिली येणारी. तिच्या वाट्याला कॉलम आला. बाहेरचे परीक्षक म्हातारे होते, कुठल्याशा सरकारी कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांनी तिला विचारलं, "वर आलेला सगळा माल काढून घेतला तर?"

"शुद्ध राहणार नाही सर. थोडा परत आत सोडावा लागतो."

"किती?"

तिनं वहीकडे पाहिलं नाही. खिडकीतून आत पाहिलं, काट्याकडे पाहिलं, मग आकडा सांगितला. परीक्षक माने सरांकडे वळून म्हणाले, "अशी चालू यंत्रं हल्ली बघायला मिळत नाहीत हो. बहुतेक ठिकाणी मुलं जुने आकडे उतरवतात." सरांनी नुसती मान हलवली. ते खूश झाले की असंच करत. मी खिडकीपाशी उभी राहून बाहेर फुलांचे ढीग करणाऱ्या बाया बघत होते. 

चैत्रा आता एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करते. मध्यंतरी भेटली तेव्हा छान दिसत होती.

चारच्या सुमाराला परीक्षक गेले, मुलं एकमेकांच्या कोटांवर सह्या करून निघून गेली. पंप बंद झाले. पंप बंद झाल्यावर त्या प्रयोगशाळेत जी शांतता पडे, तिच्यात कान काही वेळ वाजत राहत. सरांनी मला हाक मारली. त्यांच्या टेबलावर तो अहवाल होता. विभागप्रमुख म्हणून कार्यालयानं तो माहितीसाठी पाठवला होता. इतकं साधं. मी कल्पनेत शंभर प्रकारे त्यांना हे सांगून पाहिलं होतं, आणि ते शिपायानं टपालातून आणून दिलं होतं.

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा वर केला आणि कागदावर बोट ठेवलं.

"हे बघा. कॉलमपुढं काय लिहिलंय?"

मी वाचलं. पहिल्यांदाच. लिहिलं होतं: बॉयलरचा दाब टिकत नाही.

"बॉयलर कुठं आहे, अक्का?"

बॉयलर नव्हताच. कित्येक वर्षांपूर्वी तो काढून आम्ही विजेचा हीटर बसवला होता. त्या हीटरवर मी आठ वर्षं आकडे घेतले होते. कार्यालयातल्या कुणीतरी जुन्या यादीवरून ओळ उतरवली होती आणि खाली माझी सही होती, नेहमीपेक्षा मोठी.

"मुलीची बारावी आहे सर. ह्यांची नोकरी..."

"माहीत आहे ते. त्याचं मी काही विचारलं नाही." त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "सही तुमची आहे. कोणी तपासायला आलं तर तुम्हाला विचारणार. बॉयलर खोडा, हीटर लिहा. चूक तरी राहू नये."

मी खोडलं. हीटरची उष्णता पुरत नाही, असं लिहिलं. कॉलम अजून गरम होता. चार पावलांवरून त्याची धग लागत होती.

"आता ते माझं पत्र द्या," ते म्हणाले.

मी खणातून पत्र काढून दिलं. माझ्यासाठी ठेवलेली जागा तशीच कोरी होती. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं. एकट्याच्या सहीनं त्यांनी ते पुढे पाठवलं, हे मला नंतर कळलं. उत्तर आलं नाही, हेही.

मे महिन्यात भंगारवाले आले. तोवर मला पहिल्या मजल्यावर नवी खुर्ची मिळाली होती, खिडकीजवळची. खाली मागच्या अंगणात ट्रक उभा होता आणि गॅस कटर काढलेला. सर आले ते स्वतःच्या पान्यांची पेटी घेऊन. भंगारवाल्याला कन्नडमध्ये सांगत होते, कापू नका, ते उघडतं. त्यांनी कॉलमचे जोड एकेक करून सोडवायला सुरुवात केली. बोल्ट सोडवायचा, वॉशर काढायचा, पुसायचा, डब्यात ठेवायचा. माणसं आधी कंटाळून बघत होती, मग दोघं सावलीत बसून बिड्या ओढायला लागली. त्यांना काय, वजन तेवढंच. दुपारपर्यंत सगळे भाग अंगणात ओळीनं मांडलेले होते, खिडक्यांच्या काचा वेगळ्या काढून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. मग भंगारवाल्यांनी ते उचलून ट्रकमध्ये फेकले. काचासुद्धा. आवाज वरपर्यंत आला.

मी खाली गेले नाही. सहा तास मी खिडकीशी होते आणि खाली गेले नाही. या एका गोष्टीला माझ्याकडे कारण नाही. सही केली त्याला कारण होतं. पान्याचं दुसरं टोक धरायला गेले असते तर माझी नवी खुर्ची कोणी काढून घेतली नसती. 

योग्य सन्मान झाला. शाल, चंदनाचा हार, डोक्यावर म्हैसूर पेटा. एकत्तीस वर्षांची सेवा अशी ओळ फळीवर कोरून दिली. सरांनी भाषण केलं नाही, आभार मानले. उरलेल्या दोन वर्षांसाठी दुसऱ्या कॉलेजांत त्यांनी विचारून पाहिलं असं ऐकलं. तिथेही केमिकल मिटत होतं. एका ठिकाणी त्यांना विचारलं, पायथन येतं का?

मला येतं. मी शिकले. रोज मुलांच्या एक धडा पुढे राहून शिकवते, आणि मुलांना ते समजतं. हुशार मुलं प्रश्न विचारत नाहीत, दया करतात. तपासणी समिती आली की माझी पीएचडी विचारते. मी विषय सांगते. समितीतले गृहस्थ मान हलवून चौकटीत बरोबरची खूण करतात आणि पुढे सरकतात. माझ्या आठ वर्षांची ती खूण. नवऱ्याला नंतर छोटी का होईना नोकरी लागली, मुलगी शिकायला बाहेर गेली. ज्याच्यासाठी सही केली ते सगळं मिळालं. हेच कोणाला सांगता येत नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये मला बढती मिळाली. आता मी पूर्ण प्रोफेसर. आमच्या जुन्या विभागात रीत होती, असं काही झालं की आधी सरांच्या घरी पेढे न्यायचे. चार वर्षांत मी त्यांच्याकडे फिरकले नव्हते. परीक्षा संपल्या त्या रविवारी धारवाडी पेढ्यांचा डबा घेतला आणि येलहंक्याला गेले.

दार सरोजाक्कांनी उघडलं. गुडघ्याला पट्टा बांधलेला. "या या अक्का, किती वर्षं झाली! अहो, बघा कोण आलंय." जणू मी मध्ये परगावी होते. सर खुर्चीत बसले होते, जरा वाळलेले, पण डोळे तसेच. समोर त्यांचे शेजारी होते, हवाई दलातून निवृत्त झालेले एक कन्नड गृहस्थ. सरांनी त्यांना कन्नडमध्ये सांगितलं, "आमच्या कॉलेजातल्या मॅडम." मी पाया पडले. पेढे दिले. सरांनी एक पेढा मोडून अर्धा खाल्ला, अर्धा शेजाऱ्यांना दिला.

"छान झालं," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, असं मला वाटतं. 

शेजाऱ्यांनी उत्साहानं विचारलं, "कुठल्या विषयाच्या प्रोफेसर, मॅडम?"

क्षणभर मी सरांकडे बघितलं. ते टेबलावरचा पेढ्याचा चुरा बोटानं गोळा करत होते.

"डेटा सायन्स," मी म्हणाले.

"अरे वा! आजकाल तेच चालतं. माझी नात मात्र वेगळीच. बारावी झाली, आणि म्हणते केमिकल घेणार. घरात सगळे समजावून थकले. मानेंना विचारलं, ते म्हणतात घेऊ दे. आता त्यांचं आयुष्य त्यात गेलंय, ते असंच म्हणणार." ते माझ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा. घ्यावं का हो केमिकल?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं. वाफ, खिडकी, थेंब, ओला झालेला कागद. घेऊ दे म्हणावं. नको म्हणावं. खरं काय ते मला कळत होतं असंही नाही, पण या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचा हक्क मला होता, तिथे होते त्या सगळ्यांत सरांच्या खालोखाल मला होता.

मी बोलायच्या आत सर म्हणाले, "त्यांना कशाला विचारता? त्या कंप्युटरच्या."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. पाहुण्याला अडचणीतून सोडवावं तसं ते बोलले, आणि चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली.

"हो," मी म्हणाले. "त्यातलं मला काही माहीत नाही."